कोट्यात बसेल का?

मैदानाबाहेर

दुर्ग जिल्ह्यातल्या आमच्या चरोद्याला इथली माणसं अजून 'बीएमवाय' म्हणतात, म्हणजे भिलाई मार्शलिंग यार्ड. मालगाड्यांचं यार्ड आणि लोको शेड यांच्या आधारानं वाढलेलं हे गाव. पोरगं बऱ्यापैकी पळायला लागलं की इथला बाप पदकाचं विचारत नाही. रेल्वेच्या नोकरीत खेळाडूंसाठी असलेल्या कोट्यात बसेल का, एवढंच विचारतो. मराठी घरात मराठीत, शेजारच्या घरात छत्तीसगढीत.

कॉलेजात खेळणाऱ्याला पैसे कोण देणार, हा हिशेब अमेरिकेत गेल्या काही वर्षांत पार बदलला. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी कॉलेज खेळाडूंच्या खटल्यातली एक तडजोड मंजूर केली आणि १ जुलैपासून तिथली विद्यापीठं आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. तिथल्या कॉलेज फुटबॉलचे सामने टीव्हीवर विकले जातात, प्रशिक्षक गब्बर होतात, आणि खेळणाऱ्याला मात्र 'तू हौशी' म्हणून शिष्यवृत्तीवर भागवलं जायचं. कोर्टात ते टिकलं नाही.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ कबड्डी टीव्हीवर कोण विकत घेणार? तेव्हा वाटा मागायला गल्लाच नाही. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की प्रवासभाडं, दैनिक भत्ता, एखादा ट्रॅकसूट. खरी कमाई प्रमाणपत्राची. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतला क्रमांक रेल्वेच्या क्रीडा कोट्यात धरला जातो. म्हणजे घाम विद्यापीठासाठी गाळायचा आणि पगार, मिळालाच तर, रेल्वेनं द्यायचा. नेमबाज स्वप्निल कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत नोकरीला. पॅरिस ऑलिम्पिकचं कांस्य आलं २०२४ मध्ये. आमच्या दुर्गची सबा अंजुम भारतीय महिला हॉकी संघाची कर्णधार झाली, तिला वर्दी दिली छत्तीसगढ पोलिसांनी. मी या नोकऱ्यांना नावं ठेवणार नाही. त्या नसत्या तर निम्मी मैदानं ओस पडली असती. पण नोकरी लागेपर्यंतची चार-पाच वर्षं, ऐन भुकेची, ती कुणाच्या खात्यावर?

पैलवान खाशाबा जाधवांच्या बाबतीत ही वर्षं एका प्राचार्यांच्या घरावर पडली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. ही गोष्ट आपण दर ऑलिम्पिकला डोळे पुसत सांगतो. पुढचा भाग मात्र घाईनं उरकतो: कांस्यपदक घेऊन परतलेल्या खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं मारली आणि त्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवलं. म्हणजे अखेर भुर्दंड खेळाडूलाच. पोलीस खात्यातली नोकरी लागली ती १९५५ मध्ये.

आता खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्यांना महिन्याला १०,००० रुपये मिळतात. चांगलं आहे. पण ते केंद्राचे पैसे, निवडलेल्या थोड्यांनाच. विद्यापीठाची बाजू तिथेही कोरीच.

आणि विद्यापीठाकडे गल्ला नाही हे मी वर म्हणालो, ते पुरतं खरं नाही. प्रवेशाची पावती काढून बघा. बहुतेक ठिकाणी 'क्रीडा शुल्क' अशी एक ओळ असते. आयुष्यात चेंडूला हात न लावलेलं पोरही ते भरतं, मुकाट्यानं. अमेरिकेत पैसा बराचसा प्रेक्षकाकडून येतो, इथे वर्गमित्राकडून. मग त्यातलं किती खेळाडूच्या ताटात पडतं, किती चषकावर आणि उद्घाटनाच्या मांडवावर जातं, हे विचारायचा हक्क त्या न खेळणाऱ्या पोराचाही आहे. विद्यापीठाच्या संघातल्या प्रत्येकाला वर्षभर, केवळ स्पर्धेच्या आठवड्यात नव्हे, खुराकाचा ठरावीक मासिक भत्ता मिळावा आणि तो थेट खात्यात जमा व्हावा, एवढीच माझी मागणी आहे. दूध, अंडी आणि सरावाच्या बुटांपुरता.

चरोदा आता दुर्गच्या हेमचंद यादव विद्यापीठाच्या हद्दीत येतं. विद्यापीठ २०१५ चं, म्हणजे नवंच. मोडायला जुन्या सवयी फार नसाव्यात. क्रीडा शुल्क किती जमलं आणि खेळाडूंच्या हाती किती पडलं, हे दोन आकडे त्यांनी पाठवावेत. याच जागेत छापीन.

– रेषेवरचा