बंद घड्याळाचीही राखण

भिंतीवरचे घड्याळ बंद पडले, की आपण नवा सेल घालतो. ते चार वर्षे माळ्यावर पडून राहिले असले, तरी बहुधा पुन्हा चालू लागते. पण नुसते पडून राहिल्यानेच निकामी होणारे घड्याळही असते, हे ठाऊक आहे का? ते आहे सीझियमचे अणुघड्याळ.

१९५५ साली इंग्लंडमध्ये लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी असे पहिले भरवशाचे घड्याळ चालवून दाखवले. १९६७ साली सेकंदाची व्याख्याच सीझियमवर आधारण्यात आली. या अणूशी निगडित असलेल्या एका ठराविक लहरीची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद! आपली भारतीय प्रमाणवेळ राखणारी नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही सीझियम घड्याळे वापरते.

या घड्याळाचे काळीज म्हणजे एक धातूची बंद नळी. तिच्या एका टोकाला छोट्या भट्टीत सीझियम तापवतात. तिथून निघालेले अणू सरळ रेषेत दुसऱ्या टोकाला पोहोचले पाहिजेत. वाटेत हवेचे कण आडवे आले, तर अणू त्यांच्यावर आपटून भरकटतात. म्हणून नळीत जवळजवळ संपूर्ण निर्वात पोकळी लागते.

मग नळी एकदा पक्की बंद केली, की काम संपले ना? नाही. नळीच्या धातूतच मुरलेले वायू हळूहळू बाहेर झिरपत राहतात. त्यांना पकडण्यासाठी नळीला एक ‘आयन पंप’ जोडलेला असतो. त्यात फिरणारा एकही भाग नाही. काही हजार व्होल्टचा दाब आणि चुंबक यांच्या साहाय्याने वायूचे कण विद्युतभारित होतात आणि टायटॅनियमच्या पत्र्यावर आदळतात. तेथून उडालेल्या टायटॅनियमचा ताजा थर आसपास बसतो आणि वायू त्यात अडकून पडतो.

गंमत अशी, की हा पंप मापकाचेही काम करतो. नळीत वायू जास्त, तर पंपातून वाहणारा प्रवाह जास्त. वायू कमी, तर प्रवाह कमी. ताप पाहावा तसा काटा पाहून नळीची प्रकृती कळते.

खरी पंचाईत जुन्या घड्याळांची. ती वर्षानुवर्षे वीज न देता ठेवली, तर नळीत वायू साचतो. अशा वेळी घाईने सगळे घड्याळ चालू करणे घातक ठरते. भट्टी तापली, की आणखी वायू सुटतो आणि आतले नाजूक भाग खराब होतात. म्हणून जाणकार आधी फक्त पंपाला, तोही बेताबेताने, वीजपुरवठा देतात. प्रवाह पुरेसा उतरला, की मगच भट्टी पेटते. यात तास जातात, कधी दिवसही. काटा उतरलाच नाही, तर नळी गेली असे समजायचे. हजारो व्होल्टचा मामला असल्याने हे काम अर्थातच तज्ज्ञांचे.

यापेक्षा सोपा उपाय एकच: घड्याळ वापरात नसले, तरी पंपाला अधूनमधून वीज द्यावी, शक्य असल्यास अखंड द्यावी. वीज फारच थोडी लागते. ती वाचवायला गेले, तर मोलाची नळी हातची जाते. नळीतले सीझियम कधीतरी संपणारच. पण त्याआधी ती केवळ दुर्लक्षाने का जावी?