आईकडे जायलाही पास

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा न लिहिलेला कायदा. सातव्यात डोहाळजेवण उरकायचं, ओटी भरायची आणि लेकीला घेऊन जायचं. २५ मार्च २०२० पासून कोविडमुळे देश बंद झाला आणि दुसरा जिल्हा गाठायचा तर पोलिसांचा पास लागू लागला. महाराष्ट्रात ही ई-पासची अट २ सप्टेंबरला सुटली. तोवर कितीतरी जणींचे दिवस भरून गेले होते.

सासरी माणसं चोवीस तास घरात. कामं वाढलेली, आणि आईशी फोनवर मनातलं बोलायला आडोसा नाही.

एप्रिलमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) सांगितलं, की हॉटस्पॉटमधल्या ज्या गरोदर बायका पाच दिवसांत बाळंत व्हायच्या आहेत, त्यांची लक्षणं नसली तरी कोविड चाचणी करा. वैद्यकीयदृष्ट्या हे रास्तच होतं. पण कळांच्या धास्तीत रिपोर्टची धास्ती मिसळली. पॉझिटिव्ह आला तर कुठल्या दवाखान्यात नेतील? सोबत कोणाला राहू देतील? बाळ जवळ देतील का? लसीकरण जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालं. गरोदर स्त्रियांना परवानगी मिळायला जुलै उजाडला. तोवर ‘थांबा’ एवढंच उत्तर.

बंगळूरुच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी त्या काळात प्रसूतितज्ज्ञांनाच विचारलं, की बायका तुम्हाला काय विचारतात? सगळ्यात मोठी काळजी निघाली ती तपासणीला दवाखान्यात येण्याची. जिथे धीर मिळायचा, तिथेच पाऊल टाकायची भीती! कॅनडात एप्रिल २०२० मध्ये १,९८७ गर्भवतींची पाहणी झाली. ३७ टक्के जणींमध्ये नैराश्याची आणि ५७ टक्के जणींमध्ये चिंतेची दखल घ्यावी इतकी लक्षणं आढळली. ज्यांना माणसांचा आधार होता, त्यांच्यात ती कमी होती. आपल्याकडे हा आधार माहेर नावाने मिळत आला; म्हणूनच सरकारी यंत्रणेला त्याची वेगळी सोय करावीशी कधी वाटली नसावी.

टाळेबंदी उठली, गरोदर बाईच्या मनाची चौकशी न करण्याची सवय मात्र तीच आहे. तपासणीत वजन होतं, रक्तदाब होतो, हिमोग्लोबिन होतं. रडू येतं का, झोप लागते का, हे विचारायला कोणाला सवड नसते. गेल्या सात दिवसांत मन कसं होतं, हे दहा प्रश्नांत जोखणारी एडिनबरो प्रश्नावली १९८७ पासून जगभर वापरात आहे. तिला ना यंत्र लागतं, ना सुई. आरोग्य खात्याने आशाताई आणि नर्सताईंना तिचं प्रशिक्षण द्यावं, आणि उत्तरं काळजीची निघाली तर बाईला कुठे पाठवायचं, तो पत्ताही उपकेंद्राच्या भिंतीवर लावावा.