भिंतीवरचा पगार



नारपोलीत कामाची जाहिरात वर्तमानपत्रात क्वचितच येते. ती विजेच्या खांबावर, कारखान्याच्या दारावर, चहाच्या टपरीच्या पत्र्यावर चिकटवलेली असते. ‘पॅकिंगसाठी महिला पाहिजेत’, ‘हेल्पर चाहिए, लेडीज-जेंट्स’ आणि खाली एक मोबाइल नंबर. आता हेच कागद फोटो होऊन व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरतात. पाऊस आला, वर दुसरा कागद चिकटला की संपले. आमच्या गटाने ते जपून ठेवायचे ठरवले. गेले काही महिने आम्ही फोटो काढतो, तारीख टाकतो आणि मजकूर एका वहीत उतरवतो. त्या वहीचा उपयोग काय आणि धोका काय, हे आज मांडायचे आहे.

वही लागलीच का? कारण शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या बाईला किती मिळते, हेच आपल्याला ठाऊक नसते. ठेकेदार प्रत्येकीला बाजूला घेऊन वेगळा आकडा सांगतो. वर ‘तुला दोनशे जास्त दिलेत, बोलू नकोस’ असे बजावतो, आणि हे तो सगळ्यांनाच बजावतो. बाया बोलत नाहीत याला आणखीही एक कारण आहे. खरा पगार घरी कळला तर हातात चार पैसे उरणार नाहीत, म्हणून अनेक जणी तो लपवतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. पण बाई नवऱ्यापासून जे लपवते, त्याचा फायदा मालकाला मिळतो, हेही खरे.

भिवंडीत बायकांचे काम कोणते, हे आधीपासून ठरलेले आहे. यंत्रमागावर पुरुष, कांडी भरणे, धागे कापणे, कापडाची घडी घालणे इथे बायका. शहराबाहेर राहनाळ, काल्हेर, वळ, दापोडे, माणकोली या पट्ट्यात गोदामे उभी राहिली, तिथेही तीच विभागणी आली. गाडी भरणे-उतरवणे पुरुषांचे. पॅकिंग, स्टिकर, बारकोड बायकांचे. नारपोलीतल्या बाया दोन्हीकडे जातात. बोटांचे काम ‘हलके’ आणि खांद्याचे ‘भारी’, हे कोणी आणि कशावरून ठरवले? दहा तास उभे राहून खोकी चिकटवणारीच्या पिंढऱ्यांना विचारा.

वहीत पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. जाहिरातीतला आकडा वाचायला शिकावे लागते. ‘अमुक हजारांपर्यंत’ यातला ‘पर्यंत’ म्हणजे ओव्हरटाइमसकट, एकही खाडा न करता. तास किती ते लिहिलेलेच नसते. फोन करून विचारावे लागते. फोन करण्यात आपल्या मुली तरबेज झाल्या आहेत. ‘रविवारी सुट्टी पगारी का?’ एवढे विचारले तरी समोरचा माणूस गडबडतो.

एक हिशेब करून पाहू. समजा जाहिरातीत १२,००० रुपये आहेत, महिन्याचे दिवस २६ आणि जेवणाची सुट्टी सोडून प्रत्यक्ष काम १२ तास. दिवसाला साधारण ४६१ रुपये पडले, तासाला ३८. पण कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो. म्हणजे आठ तास साधे आणि वरचे चार तास आठ तासांच्या मोलाचे. एकूण सोळा तासांचा मोबदला. १२,००० त्या हिशेबाने वाटले तर तासाचा साधा दर २९ रुपयांच्याही आत येतो आणि आठ तासांच्या कामाचा महिन्याचा पगार होतो ६,००० रुपये. कागदावर बारा, हिशेबात सहा! राज्यातल्या किमान वेतनाच्या तो कितीतरी खाली आहे. गटाच्या बैठकीत हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकीने विचारले, ‘म्हणजे आपण चार तास फुकट देतो?’ फुकटपेक्षा वाईट, बाई. ते चार तास दिले की मगच साधा पगार पुरा दिसतो.

आता कायद्याचे. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि तो जुना कायदा तिच्यात विलीन झाला. तत्त्व तेच राहिले: एकाच मालकाकडे, एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी, स्त्री-पुरुष म्हणून वेतनात फरक करता येणार नाही, भरती करतानाही नाही. तेव्हा ‘जेंट्स इतके, लेडीज इतके’ असे दोन आकडे एकाच कागदावर, एकाच कामासाठी असतील, तर मालकाने आपल्या हाताने लिहून दिलेला पुरावाच तो. असा कागद दिसला तर फाडू नका. आमच्यात यावरून भांडण झाले. तरुण मुलींना तो टराटरा फाडायचा होता. फोटो काढा, मागची भिंत आणि दाराचा नंबर दिसेल असा काढा. कागद मात्र तिथेच राहू द्या, कोणाला तरी त्या कामाची गरज असते.

दोन वेगवेगळ्या मालकांच्या जाहिराती शेजारी ठेवल्या तर तो कायद्याने पुरावा होत नाही, हे मात्र स्पष्ट समजून घ्या. मुंबईत ऑड्री डिकोस्टा या लघुलेखिकेने मॅकिनन मॅकेन्झी कंपनीविरुद्ध दाद मागितली ती त्याच कंपनीतल्या पुरुष लघुलेखकांच्या पगाराशी तुलना करून. बायकांचे काम वेगळे, असा कंपनीचा दावा होता. मार्च १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही, आणि समान वेतन देणे कंपनीच्या ऐपतीवर अवलंबून नाही, असेही सांगितले. नारपोलीतल्या मालकाचे ‘धंदा मंदा आहे’ हे रडगाणे ऐकताना हे लक्षात असू द्या.

मग शेजारच्या गोदामाची जाहिरात कशाला जपायची? वाटाघाटीसाठी. पण इथेच धोका आहे. भिंत मालकही वाचतो. ‘बाहेर जाऊन बघ, सगळीकडे एवढेच देतात’ हे वाक्य त्याच भिंतीच्या जोरावर बोलले जाते. बाजारभाव म्हणजे काय, तर सगळ्या मालकांनी मिळून बायकांच्या कामाला लावलेली किंमत. दहा जाहिरातींची सरासरी काढली आणि तिला ‘योग्य पगार’ म्हटले, तर आपणच त्या किमतीवर सही केली. शिवाय चांगल्या कामाला कागद लागत नाही. ओळखीने माणसे मिळतात. जो कागद वारंवार दिसतो, तिथे बाई टिकत नाही असे समजावे. म्हणून आमच्या वहीत आम्ही सरासरी काढत नाही. सर्वांत वरचा आकडा लाल शाईने लिहितो, त्याच्या खाली त्या कामाचे किमान वेतन लिहितो. जानेवारी आणि जुलैमध्ये विशेष भत्ता बदलतो, तेव्हा ती ओळ बदलतो. किमान वेतन ही जमीन. बोलणी तिथून वर.

दुसरे, हा कागद घेऊन एकटीने सुपरवायझरसमोर जायचे नाही. आमच्यातली एक गेली. ‘मग तिकडेच जा’ असे उत्तर मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी तिला काम नव्हते. ठेकेदार तिच्याच चाळीतला, त्यामुळे चाळीत बोलणेही बंद झाले. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, संघटना उभी राहिली, तेव्हा कुठे धुणे-भांड्यांच्या दराबद्दल घरमालकिणींना एकत्र बोलणे भाग पडले. हमालांचे पाहा. १९६९च्या माथाडी कायद्याने त्यांना मंडळ मिळाले, नोंदणी मिळाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. तेही लढूनच. त्याच गोदामात खोकी भरणाऱ्या बाईला ना मंडळ, ना ठरलेला दर.

वहीत अजून एक पान कोरे आहे. घरी बसून धागे कापणे, मणी ओवणे, लेबल लावणे या कामांची जाहिरात लागतच नाही. गठ्ठा दारात येतो आणि दर तोंडी सांगितला जातो. त्यासाठी आम्ही आता वेगळा रकाना आखला आहे: गठ्ठा कोणत्या दिवशी आला, नग किती, हात किती लागले (मुलांचेही धरायचे), किती तास गेले, पैसे केव्हा मिळाले. दोन गल्ल्यांतल्या बायांनी लिहायला सुरुवात केली आहे. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी रेघा मारल्या तरी चालतात. तुमच्या वस्तीत असे काम असेल तर तुमचे दर आम्हाला कळवा, कारण तोच गठ्ठा नाका ओलांडला की किती पैशांनी उतरतो, हे आम्हाला पाहायचे आहे.