शिकाऱ्यांचे दप्तर

आफ्रिकी वन्यजीवनावरील ग्रंथांच्या प्रथमावृत्त्या जमविणारा रसिक, १९०७ साली निघालेले पॅटर्सनचे ‘द मॅन-ईटर्स ऑफ त्सावो’ हाती येताच आधी बांधणी, मग पानांवरचे तांबूस डाग न्याहाळतो; परंतु १८९८ साली त्सावोच्या रेल्वेपुलाच्या कामावर असताना सिंहांच्या भक्ष्यस्थानी पडलेल्या हिंदी मजुरांची नावनिशी तो क्वचितच शोधतो. हौसेला हिशेब नसतो, हे कबूल! तथापि असा संग्रह म्हणजे माझ्या मते एक दप्तरच होय. आणि म्हणून सेलसच्या १८८१ सालच्या शिकारवृत्तांताशेजारी, सेरेंगेटीतील प्राण्यांची विमानातून गणती करणाऱ्या आणि १९५९ साली गिधाडाच्या धडकेने विमान कोसळून पुत्र मिखाएल गमावलेल्या ग्रझिमेकचा ग्रंथ असलाच पाहिजे, मग त्याचे वेष्टन फाटके का असेना.