गुरुवंदना आणि गुरूचा योगक्षेम

आषाढात गुरुपौर्णिमा येते, ५ सप्टेंबरला शिक्षक दिन येतो. दोन्ही दिवशी शिक्षकाला फुले वाहिली जातात, गुरुमाहात्म्याची भाषणे होतात. उरलेल्या दिवसांत त्याच शिक्षकाला वेळेवर वेतन आणि अन्यायाविरुद्ध दाद मागण्याची जागा मिळते की नाही, याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. गुरू म्हणून गौरवायचे आणि त्या गौरवाचेच निमित्त करून हक्क नाकारायचे, हा दुटप्पीपणा समाजात मुरला आहे.

याचा बोलका दाखला गोव्याचा. तेथील एका खाजगी शाळेने १९७५ साली सेवेतून कमी केलेल्या शिक्षिकेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील 'कामगार' नव्हे, विद्यादान हे उदात्त व्रत आहे, असा निर्णय १९८८ साली झाला. शिक्षकांच्या तक्रारींसाठी वेगळी यंत्रणा हवी, असेही न्यायालयाने सुचविले. परंतु त्या शिक्षिकेला 'कामगार' म्हणून या कायद्याखाली दाद मिळाली नाही. पुढे ग्रॅच्युइटीच्या बाबतीतही तेच घडले. २००४ साली न्यायालयाने शिक्षकांना कायद्याच्या व्याख्येबाहेर ठेवले. संसदेने २००९ साली दुरुस्ती करून १९९७ पासून हा हक्क दिला. खाजगी शाळांनी त्यालाही आव्हान दिले आणि अखेर २०२२ साली दुरुस्तीवर शिक्कामोर्तब झाले.

आदराच्या आवरणाखाली शिक्षकाला राबवून घेण्याचा हा प्रकार केवळ भारतातच आहे, असे नाही. जपानमध्ये शिक्षकाला मोठा मान आहे. पण १९७१ च्या कायद्याने सरकारी शाळांतील शिक्षकांना जादा कामाचा मोबदला नाकारला आणि त्याऐवजी मूळ वेतनाच्या ४ टक्के रक्कम ठरवून दिली. शिक्षकाचे काम घड्याळाने मोजता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व. तत्त्व उदात्त खरे. पण परिणाम असा झाला की, शिक्षक रात्रीपर्यंत शाळेत अडकले आणि तरुण या पेशाकडे पाठ फिरवू लागले. अखेर २०२५ साली कायदा बदलून ही रक्कम टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर नेण्याचे ठरले.

जर्मनीने वेगळा मार्ग धरला. तेथील बहुसंख्य शिक्षक आजीव शासकीय सेवक असतात आणि त्यांना संपाचा अधिकार नाही. संपात भाग घेतल्याबद्दल शिक्षा झालेल्या शिक्षकांनी दाद मागितली, तेव्हा २०१८ साली तेथील घटना न्यायालयाने आणि २०२३ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ही बंदी वैध ठरविली. मात्र या बंदीच्या जोडीला राज्याचे बंधनही आहे. अशा सेवकाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या आजन्म, पदास साजेशा निर्वाहाची जबाबदारी राज्यावर आहे. तेथे कर्तव्य एकतर्फी नाही.

अमेरिकेत याचे उलटे टोक दिसते. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात संपाला कायद्याची मान्यता नसतानाही २०१८ साली सर्व ५५ जिल्ह्यांतील शाळा नऊ दिवस बंद राहिल्या, तेव्हा कोठे ५ टक्के वेतनवाढ पदरात पडली. जेथे निर्वाहाची हमी नाही, तेथे संघर्ष अटळ होतो आणि त्याची किंमत विद्यार्थी मोजतात.

महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्याने खाजगी शाळांतील शिक्षकांना न्यायाधिकरणाकडे अपील करण्याचा मार्ग दिला, ही निश्चितच जमेची बाजू. परंतु याच राज्याने २००० साली 'शिक्षण सेवक' निर्माण केला. पूर्ण शिक्षकाचे काम, तीन वर्षे केवळ मानधन आणि तेही प्राथमिक शाळेत दरमहा ३,००० रुपये! २०२३ साली ते १६,००० झाले, तरी 'सेवक' हा शब्द आणि त्यामागची वृत्ती कायम राहिली. विनाअनुदानित शाळांत अनुदानाची वाट पाहत ज्यांची उमेदीची वर्षे सरली, त्यांची कथा तर याहून करुण आहे.

आपली परंपरा अशी नव्हती. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख पाहावा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि निकुंभ राजांनी त्याच्या खर्चासाठी जमीन व बाजारातील उत्पन्नाचा ठरावीक वाटा लावून दिला. आचार्याने पोटाची चिंता करीत शिकवावे, अशी कोणाची अपेक्षा नव्हती. गुरू नि:स्पृह असे, कारण त्याचा योगक्षेम समाज वाहत असे. आपण नि:स्पृहता तेवढी लक्षात ठेवली आणि योगक्षेम विसरलो.

हक्क म्हटले की, वर्गसंघर्षाचाच लाल झेंडा डोळ्यांसमोर येण्याचे कारण नाही. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघ उभा केला, तो हक्क आणि राष्ट्रहित परस्परविरोधी नाहीत, याच विश्वासावर. शिक्षकानेही वर्गातील कर्तव्यात कसूर करू नये, खाजगी शिकवण्यांमागे धावू नये, हे नि:संशय. परंतु कर्तव्याची अपेक्षा बाळगणाऱ्याने आधी आपले कर्तव्य पार पाडले पाहिजे.

याचा प्रारंभ शासनाच्या दारात घोषणा देऊन नव्हे, तर आपल्याच घरातून व्हावा. राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांनी अनेक शाळा त्यागपूर्वक उभारल्या आहेत. तेथील प्रत्येक शिक्षकाला नेमणुकीचा आदेश, कागदावर लिहिले तेवढेच वेतन हातात आणि तक्रारीला निर्भय वाट मिळते काय, हे संस्थाचालकांनी येत्या गुरुपौर्णिमेपूर्वी तपासावे. ज्या संस्थेत याचे उत्तर 'होय' असेल, तिलाच गुरुपूजनाचा अधिकार आहे.