ओ द्यायला कोण?

परगावी कोणी गाव विचारले आणि मी "वाशी" म्हणालो, की समोरचा ताबडतोब विचारतो, "सेक्टर कोणता?" मग त्याला धाराशिव जिल्हा सांगा, बार्शी, भूम, कळंब अशी शेजारची नावे सांगा, आणि आमच्या वाशीला खाडी नाही, लोकलगाडी तर नाहीच नाही, हे पटवून द्या. नाव तेच, गाव दुसरे! या घोटाळ्याची मला आजवर गंमतच वाटत आली. गेल्या वर्षी मात्र असलाच एक घोटाळा आमच्या घरात निघाला, आणि तो पत्त्याचा नव्हता, रक्ताचा होता.

थोरल्या आक्काची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आठवा महिना आणि अंगात रक्त कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लोहाची इंजेक्शने चालूच आहेत, पण वेळेला दोन पिशव्या हाताशी असलेल्या बऱ्या. गट कोणता?" भाचीने पर्समधून झोकात कार्ड काढले. दोन वर्षांपूर्वी अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले, तेव्हा एका रुग्णालयाने दिलेले. त्यावर ठळक लिहिले होते, "ओ पॉझिटिव्ह". आम्ही सगळे निर्धास्त. ओ म्हणजे गल्लोगल्ली सापडणारा गट. मी स्वतः ओ. मी बाह्या सरसावून रक्तपेढीत हजर झालो.

तिथला तंत्रज्ञ माझाच जुना विद्यार्थी निघाला. मागच्या बाकावर बसून दोन वर्षे काढलेला. निबंधात त्याने कधी ऱ्हस्वदीर्घाची पर्वा केली नाही, पण इथे तो भलताच काटेकोर झालेला दिसला. भाचीचे रक्त त्याने ओ गटाच्या पिशवीशी जुळवून पाहिले, तर गुठळ्या झाल्या. दुसरी पिशवी घेतली, तिसरी घेतली, शेवटी माझेही रक्त तपासले, पुन्हा गुठळ्याच.

"सर, हे रक्त ओ नाही."

"मग ए आहे का?"

"ए नाही, बी पण नाही."

"अरे, मग उरले काय?"

"बॉम्बे असेल," तो म्हणाला. मी समजलो, नमुना मुंबईला पाठवायचा म्हणतो आहे. तसा तो पाठवावा लागलाच, पण त्याने सांगितले होते ते गटाचे नाव होते.

रक्ताचे गट असतात हे लँडस्टायनरने १९०१ साली जगाला सांगितले. त्यानंतर अर्ध्या शतकाने, १९५२ साली, मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांनी विलायतेतल्या संशोधकांसह 'लॅन्सेट' या साप्ताहिकात लिहिले, की या हिशेबात कुठेच न बसणारी माणसे मुंबईत सापडली आहेत. म्हणून हा 'बॉम्बे' गट. शहराचे नाव पुढे बदलले, रक्ताचे तेवढे जुनेच राहिले.

मला ते असे समजले. आपल्या तांबड्या पेशींवर 'एच' नावाचे एक द्रव्य असते. ते घराच्या जोत्यासारखे. जोत्यावर कोणाचा ए मजला चढतो, कोणाचा बी, कोणाचे दोन्ही. ओ गटवाल्यांचे नुसते जोते. बॉम्बे गटात मुळात जोतेच नाही. त्यामुळे ए-बीचा गुण पोटी असला तरी त्याला चढायला जागा नाही, आणि वरवरच्या तपासणीत दोन्ही मजले दिसले नाहीत, की लिहून टाकतात 'ओ'. खरे कळायचे तर उलट तपासणी करायची, म्हणजे त्या माणसाचा रक्तद्रव घेऊन त्यात ओ गटाच्या पेशी घालायच्या. बॉम्बे गटाचे शरीर एचला परके समजते, त्यामुळे तिथे गुठळ्या धरतात. असे रक्त नसांत गेले तर दिलेल्या पेशी तिथल्या तिथे फुटू लागतात आणि जिवावर बेतते. अपेंडिक्सच्या वेळी ही चार थेंबांची तपासणी कोणी केली नव्हती. त्या दिवशी रक्ताची गरज लागली नाही, इतकेच आमचे नशीब. आक्काने ते कार्ड फाडू दिले नाही. देव्हाऱ्यामागे ठेवले आहे. मला ते पाहिले की अजून राग येतो.

भारतात साधारण १०,००० माणसांत असा एखादा निघतो, युरोपात १० लाखांत एखादा. आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही वाटे कोरे आले तरच ही स्थिती येते, आणि आक्काचे लग्न आमच्या सख्ख्या आतेभावाशी झालेले! मामाची मुलगी करण्याची वहिवाट आमच्याकडे पिढ्यान्पिढ्यांची. हे ऐकून ऐंशी पार केलेली आत्या कडाडली, "आमच्या रक्तात खोट? खोट असेल त्यांच्या यंत्रात!" पण खोट कसली? हा आजारच नव्हे. माणूस ठणठणीत जगतो. फक्त रक्त घ्यायची वेळ आली, की शेकडो ओवाल्यांच्या गर्दीत त्याच्या हाकेला ओ द्यायला कोणी नसते.

अशा घरात भावंडे आधी तपासतात, कारण चारांत एकाला तोच गट असण्याचा संभव असतो. पुण्याला नोकरी करणारा भाचा रात्रीच्या गाडीने आला आणि निघाला नेमका बॉम्बे! आक्काला हसावे की रडावे कळेना. भावाची पिशवी राखून ठेवली. फ्रीजमध्ये ती ३५ ते ४२ दिवस टिकते. सख्ख्या नात्यातले रक्त देण्याआधी त्यावर किरणांचा मारा करावा लागतो, म्हणून बाळंतपण वाशीत न करता मोठ्या शहरात केले. पिशवी लागली. मुलगा झाला, नऊ पौंडांचा नव्हे, पण आवाजाने तेवढाच.

खरा प्रसंग त्यानंतर आला. बाळाचा गट निघाला 'बी'. जावई अस्सल ओ. बारशाला सासरकडचे एक पुस्तकी शहाणे गृहस्थ पेढा हातात धरून म्हणाले, "ओ आणि ओ यांच्या पोटी बी होत नाही म्हणतात." क्षणभर ओटीवर कोणी बोलेना. भाचीची मान खाली गेली. मुंबईचा कागद मी खिशातच ठेवला होता. आईला आक्काकडून बीचा गुण आलेला, पण जोत्याविना तो लपलेला. बापाच्या जोत्यावर तो लेकरात उभा राहिला, असे मी भर ओटीवर बोट ठेवून वाचून दाखविले. गृहस्थांनी पेढा तोंडात टाकला. नुसते जुने कार्डच हातात असते, तर त्या पोरीने कुणाकुणाच्या तोंडाला हात लावला असता, कोण जाणे.

आता दोघेही कार्ड बाळगतात. ठरलेले ऑपरेशन असेल तर स्वतःचेच रक्त आधी काढून ठेवता येते. खास सोय असेल तिथे ते गोठवून १० वर्षेही टिकवतात. भाचा दुर्मिळ रक्तदात्यांच्या यादीत आहे. त्याने उठसूट शिबिरात रक्त द्यायचे नाही, हाक आली तर द्यायचे, आणि दोन वेळांत ९० दिवसांचे अंतर ठेवायचे. २०२४ साली शिर्डीचा एक माणूस अशाच हाकेवर मोटारीने थेट इंदूरला गेला होता.

यंदा भाचाला मस्कतची नोकरी चालून आली आहे. पगार तिप्पट. भाऊबिजेला ओवाळताना भाची म्हणाली, "दादा, तू जा. माझ्यासाठी थांबू नकोस. यादीत आणखी लोक आहेत, त्यांच्यासाठी मी आहे." आक्का काही बोलली नाही, तिने निरांजनात तेल घातले. मग भाच्याने माझ्याकडे पाहिले. "मामा, तुम्ही काय म्हणता?"

वर्षाला शंभर पोरांना सल्ला देणारा मी. चकली मोडत बसलो. मस्कतला उत्तर पाठवायला अजून दहा दिवस आहेत.