प्रतिदावा आणि मुदतीचा अडसर

दिवाणी कोर्टाची पायरी जो आधीं चढला तो वादी व ज्यास तेथें यावें लागलें तो प्रतिवादी, एवढाच या दोन नांवांतील भेद होय. कोणाचें कोणाकडे येणें आहे हें त्यावरून मुळींच ठरत नाहीं. घर बांधणारा कंत्राटदार बिलाची बाकी मागण्यास दावा लावतो. घरमालक म्हणतो, छत पहिल्याच पावसांत गळलें व दुरुस्तीस मला बाकीहून अधिक खर्च आला. करार एक, कागद तेच, साक्षीदारही तेच. असें असतां १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या मूळ नियमान्वयें घरमालकास केवळ निश्चित रकमेची वजावट हक्कानें मागतां येई. एकाच व्यवहारांतील नुकसानीची वजावट कोर्टें कधीं कधीं न्यायबुद्धीनें मान्य करीत. परंतु ती मेहेरबानी, हक्क नव्हे.

१९७६ च्या दुरुस्तीनें, जी १ फेब्रुवारी १९७७ पासून अमलांत आली, ही अडचण दूर झाली. आठव्या ऑर्डरच्या नव्या ‘६ अ’ नियमानें प्रतिवादीस प्रतिदावा मांडतां येतो; तो वादपत्रासारखाच मानला जातो, आणि मूळ दावा मागें घेतला किंवा काढून टाकला गेला तरीही पुढें चालूं शकतो. ही शेवटली तरतूद आम्हांस विशेष मोलाची वाटते. प्रतिपक्षास बेजार करण्यापुरता दावा लावून, पारडें फिरतांच पळ काढणारे वादी कोणत्या वकिलानें पाहिले नाहींत?

कैफियत दिल्यावरही, मुद्दे निघेपर्यंत, योग्य कारण असल्यास प्रतिदावा घेतां येईल, असें सर्वोच्च न्यायालयानें १९ नोव्हेंबर २०१९ रोजीं ठरविलें. तें योग्यच झालें. खरी मेख निराळ्याच कायद्यांत आहे.

१९६३ च्या मुदतीच्या कायद्याचें तिसरें कलम म्हणतें कीं, वजावटीची मागणी मूळ दाव्याच्या तारखेस केली असें समजावें. प्रतिदावा मात्र तो कोर्टांत प्रत्यक्ष मांडला त्या तारखेचा धरावा. याचा परिणाम पाहा. करारभंगाची मुदत तीन वर्षांची. धूर्त वादी ती संपण्याच्या आदल्या आठवड्यांत दावा दाखल करतो. समन्स पोंचतें दोन महिन्यांनीं. वादीचा दावा जिवंत, आणि त्याच सुमारास उद्भवलेली प्रतिवादीची मागणी मेलेली! दोघांच्या तक्रारी एकाच वयाच्या असतां एकीसच कायद्यानें मूठमाती द्यावी, यास न्याय म्हणावें काय?

इंग्लंडांत १९८० च्या मुदतविषयक कायद्याच्या ३५ व्या कलमानें प्रतिदावाही मूळ दाव्याच्या तारखेचाच मानला आहे. आमच्याकडे तसें केल्यास झोंपलेले सावकार जागे होतील, अशी भीति कोणी घालील. तिला उत्तर सोपें आहे. ही सवलत एकाच व्यवहारांतून निघालेल्या, व मूळ दावा दाखल झाला त्या दिवशीं मुदतींत असलेल्या मागणीपुरतीच ठेवावी. ज्या वादीनें स्वतःच तो व्यवहार कोर्टापुढें आणला, त्यास जुनें प्रकरण उकरल्याची तक्रार करण्यास तोंड उरत नाहीं.

संसदेनें तिसऱ्या कलमांतील तेवढा भाग बदलावा. तोंवर निदान एक गोष्ट कायदा न बदलतांही करण्याजोगी आहे: प्रतिदाव्याचा हक्क व त्याची मुदत समजावून सांगणाऱ्या चार ओळी समन्सासोबत मराठींत छापून द्याव्या. खेड्यांतील प्रतिवादी समन्स घेऊन वकिलाकडे बाजाराच्या दिवशीं जातो, आणि कधीं कधीं तेवढ्या अवधींतच त्याची मुदत संपून जाते.